पिंजण थांबलं, सुई थांबू नये : गोधडी, टोपी, जानमाज आणि कष्टाचा हिशेब

दिवाळी सरली आणि हवेत गारवा आला की बारामती-इंदापूरकडच्या मोहल्ल्यांत पूर्वी एक आवाज हमखास यायचा. खांद्यावर भलंमोठं धनुष्य घेतलेले पिंजारी चाचा त्याची तात छेडत गल्लीतून फिरायचे. आरोळी द्यायची गरज नसायची. तातेचा तो घुमणारा सूर ऐकला की घराघरांतून दबलेल्या गाद्या, गोळे झालेल्या रजया आणि चपटलेल्या उशा बाहेर यायच्या. आम्ही मुलं कापूस उडताना बघायला गोळा व्हायचो आणि घरी परतायचो ती डोक्यावर पांढरी म्हातारी होऊन.

आज तो आवाज जवळजवळ बंद झाला आहे. फोमच्या गाद्या आणि पानिपतची ब्लँकेटं घराघरांत पोचली. पिंजारी कुटुंबांतली काही मुलं गादी-कारखान्याच्या दुकानात वीजेचं यंत्र चालवतात, बाकीची मिळेल त्या कामाला लागली. मात्र घरातल्या बायकांची सुई अजून चालते आहे. ती कशी चालवावी, तिच्यातून घरासाठी आणि भेट देण्यासाठी काय काय बनवता येतं, आणि त्या कष्टाचं मोल कसं काढावं, हे या लेखात सांगायचा आमचा प्रयत्न आहे.

पिंजायचं म्हणजे नेमकं काय?

सरकी काढलेला कापूस म्हणजे रुई. गादीत भरलेली रुई माणसाच्या वजनानं आणि घामाच्या ओलीनं दबत जाते. तंतू एकमेकांत गुंततात, मधली हवा निघून जाते आणि गोळे होतात. ऊब खरं तर त्या हवेची असते. हवा गेली की गादी जड राहते, पण उबदार राहत नाही.

पिंजारी धनुष्याची ताणलेली तात रुईच्या ढिगात धरतो आणि लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर ठोका मारतो. तात थरथरते, तिला चिकटलेले तंतू सुटे होऊन उडतात. कचरा आणि माती जड असल्यामुळं खाली पडते आणि हवा पुन्हा रुईत शिरते. एवढंच ते शास्त्र. पण ठोका किती जोराचा आणि तात किती खोल, हे हाताला कळायला वर्षं जातात. जोर जास्त झाला तर तंतू तुटतो आणि रुईचा भुगा होतो.

या धंद्याची नावंसुद्धा बोलकी आहेत. ‘हल्लाज’ आणि ‘नद्दाफ’ हे दोन्ही अरबी शब्द कापूस पिंजणाऱ्यासाठी आहेत. इ. स. ९२२ मध्ये बगदादला ज्यांना मृत्युदंड झाला, ते सूफी मन्सूर अल-हल्लाज यांच्या नावात हाच धंदा आहे, आणि पिंजारी बिरादरी स्वतःला ‘मन्सूरी’ म्हणवते ती त्यांच्याच नावावरून. कर्नाटकाकडं हीच मंडळी ‘नदाफ’ म्हणून ओळखली जातात. म्हणजे आपल्या गल्लीतला पिंजारी चाचा आपल्या आडनावात हजार वर्षांचा इतिहास घेऊन फिरत होता.

पिंजलेल्या रुईचे पेळू करायचे आणि टकळीवर किंवा चरख्यावर त्यांचं सूत काढायचं, हे पुढचं काम. घडी घालून पेटीत मावणारा ‘येरवडा चरखा’ आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या तुरुंगाच्या नावानं ओळखला जातो. गांधीजी तिथं कैदेत असताना त्यावर काम झालं होतं. कुरआनातल्या सूरह नहलच्या ९२व्या आयतीत स्वतः पक्कं कातलेलं सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या बाईचा दृष्टांत येतो. करार मोडणाऱ्याला दिलेली ती समज आहे. सूत कातायला किती कष्ट पडतात हे ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तरच तो दृष्टांत काळजाला लागतो.

शेजारच्या धनगरवाड्यावरची लोकर

कऱ्हेच्या आणि नीरेच्या काठी ऊस आहे, पण जिरायती पट्ट्यात आजही मेंढरं आहेत. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. तीही पिंजावी लागते. धनगराच्या बायका तिचं सूत काढतात आणि सनगर त्याचं घोंगडं विणतात. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवं घोंगडं कडक लागतं. ही लोकर राठ असते. तिचा स्वेटर अंगाला टोचेल, पण पावसात घोंगडं पांघरलेला माणूस लवकर भिजत नाही.

आता मांसाला भाव असल्यानं माडग्याळसारख्या मेंढ्या वाढल्या आणि त्यांच्या अंगावर लोकर फारशी नसते. पिंजाऱ्याचं जे झालं, तेच धनगराच्या लोकरीचं होत आहे. दोन शेजारी, दोन धर्म, पण दुखणं एकच.

गोधडी : पहिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

गोधडीला यंत्र लागत नाही आणि रुईही लागत नाही. जुनं सुती कापड, सुई, दोरा आणि फुरसत असली की झालं. गाळपाच्या हंगामात ऊसतोडीला आलेल्या बायाबापड्यांच्या कोपीत जाऊन बघा. थंडीच्या रात्री त्यांच्या लेकरांना तारते ती गोधडीच. आमच्या घरांत तिला ‘गुदडी’ म्हणतात, पण टाका तोच.

कापड : जुन्या सुती साड्या, ओढण्या, लुंग्या आणि कुर्ते घ्या. नायलॉन, पॉलिस्टर आत घालू नका. ते घाम शोषत नाही आणि थर एकमेकांवरून घसरतात. वरच्या बाजूला नवं कापड लावायचं असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटेल आणि गोधडीला सुरकुत्या पडतील. रंग जातो का हे बघायला ओला पांढरा फडका कापडावर घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा.

माप : तान्ह्या बाळासाठी तीन फूट बाय अडीच फूट पुरे. एका माणसाला सहा बाय चार आणि दोघांना सात बाय सहा. खाली एक सलग कापड, वर एक, आणि मध्ये तीन ते पाच थर. जास्त थर घातले तर सुई जात नाही आणि बोटं सोलतात.

मांडणी : फरशी स्वच्छ पुसून खालचं कापड अंथरा आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा. एकेक थर टाकताना हातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढा. मग मोठे कच्चे टाके घाला, तेही मधून बाहेर. कडेकडून सुरुवात केली तर सगळा फुगा मध्ये अडकतो आणि नंतर काही केल्या निघत नाही.

टाका : पक्का टाका म्हणजे साधा धावदोरा. कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्या घेत मध्यावर या, किंवा सरळ रांगा मारा. दोन रांगांत एक इंच अंतर ठेवा. दोरा जाड सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण तो जुन्या मऊ कापडाला कापत जातो. गाठ थरांच्या आत दडवा, म्हणजे बाळाला टोचणार नाही.

कड : शेवटी चारी बाजूंनी गोट लावा. गोधडी आधी कडेला विरते. गोट बदलता येतो, गोधडी बदलावी लागत नाही. उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायका त्यांच्या ‘कवंदी’च्या चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या शिवतात आणि त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आपणही करून बघायला हरकत नाही.

आमच्या दादीची नजर कमी झाली तेव्हा ती दुपारी अंगणात बसून हाक मारायची, “बेटा, सुई में धागा डालको देव.” दहा-बारा सुया आम्ही ओवून ठेवायचो. पुढचं तिचा हात करायचा, डोळा नाही.

ईद, निकाह, अकीक्याच्या भेटी

जाळीची टोपी : क्रोशाचा आकडा आणि सुती दोरा घ्या. चार-पाच साखळ्यांचं कडं करून त्यात १२ खांब घाला. पुढच्या प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवा, म्हणजे २४, ३६, ४८. चकती सपाट राहिली पाहिजे. कड लाटांसारखी व्हायला लागली तर खांब जास्त झाले, वाटीसारखी वळायला लागली तर कमी पडले. चकती किती मोठी करायची? डोक्याचा घेर भागिले ३.१४. घेर २२ इंच असेल तर चकतीची रुंदी ७ इंच. त्यानंतर खांब वाढवायचं थांबवा आणि तेवढ्याच खांबांनी खाली उतरत जा. शेवटची फेरी मुक्या खांबाची घेतली तर कड सैल पडत नाही.

जानमाज : सव्वादोन फूट बाय पावणेचार फूट माप पुरतं. वर साधं सुती कापड, मध्ये दोन थर आणि खाली जाड कापड. वरच्या टोकाला मेहराबीची कमान फक्त धावदोऱ्यानं काढा. नजर खिळवणारी नक्षी नमाजच्या जागी नकोच. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी गुडघ्याच्या जागी आणखी दोन थर घाला. अशी भेट विकत मिळत नाही.

जुजदान आणि दस्तरखान : कुरआन ठेवायच्या जुजदानासाठी नवं मऊ कापड, अस्तर आणि नाडी एवढंच लागतं. दस्तरखानाला मात्र पक्का रंग हवा, कारण तो रोज धुवावा लागतो.

हिशेब मांडल्याशिवाय भाव सांगू नका

आता मुद्द्याचं बोलू. सहा बाय चार फुटांच्या गोधडीत एक इंचाच्या अंतरानं सुमारे ४८ रांगा बसतात. प्रत्येक रांग सहा फुटांची, म्हणजे २८८ फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तर साधारण पावणेचौदा हजार टाके होतात. तासाला आठ फूट शिवण झाली तरी ३६ तास लागतात. रोज तीन तास म्हणजे बारा दिवस.

समजा शेजारणीनं ही गोधडी ‘घरचंच काम आहे’ म्हणत हजार रुपयांना शिवून दिली. दोरा आणि गोटाचा खर्च न धरताही तासाला २८ रुपये पडले. मान मोडून, डोळे फोडून २८ रुपये! आणि आपण तिलाच म्हणतो, ‘घरात बसून करते, तिला काय लागतं?’

म्हणून भाव काढायची रीत ठरवून घ्या. आधी सामानाचा खर्च लिहा. मग तास लिहा. आपल्या गावात शेतमजुरीला बाईला तासाचे जे मिळतात, त्याच्या खाली स्वतःचा दर धरू नका. दोन्हींची बेरीज केली की किंमत निघते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण अंथरूण शिवणारीचे पाय उघडे का राहावेत?

वीतभर तुकड्याचा फोटो, माप आणि लागलेले तास वहीत टिपून ठेवा. गिऱ्हाइकाला वही दाखवली की घासाघीस कमी होते. बचत गटातून गेलं तर बाजार सापडतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा पुण्यात भरते, तिथं गटांच्या बायका स्वतःच्या हातचा माल थेट शहरातल्या गिऱ्हाइकाला विकतात. आपल्या मोहल्ल्यातले गट तिथं किती दिसतात, हे आपणच आपल्याला विचारावं.

योजनेत दर्जी आहे, पिंजारी नाही

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ धंद्यांत दर्जीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख व मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. शिलाई करणाऱ्या भगिनींनी आधार कार्ड घेऊन जवळच्या सीएससी केंद्रात जावं आणि सध्या नोंदणी चालू आहे का ते विचारावं.

पण त्या १८ धंद्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, न्हावी आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. पिंजारी नाही. गादी भरणाऱ्यालाही वेगळी जागा नाही. बिरादरीतल्या जाणत्यांनी हे भिजत घोंगडं आता हाती घ्यावं. ग्रामसभेत ठराव मांडता येतो, आमदार-खासदारांना निवेदन देता येतं. मागितल्याशिवाय यादीत नाव येत नाही.

जे अजून हा धंदा करतात त्यांना एक विनंती. यंत्रावर बसताना नाकातोंडाला घट्ट मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर दम लागतो, आणि तो दमा पुढं बरा होत नाही.

या हिवाळ्यात एवढं करा

घरातली रुईची गादी फेकण्याआधी पिंजून घ्या. महिन्यातून एकदा तिला कडक ऊन दाखवा. रुईची रजई पाण्यात घालू नका, तिचे गोळे होतात. गोधडी मात्र खुशाल धुवा. कपाटात पडलेल्या दोन सुती साड्या काढा आणि बाळाच्या मापाची एक छोटी गोधडी शिवायला घ्या. मुलींबरोबर मुलांनाही टाका शिकवा. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, हे हदीसमध्ये आलेलं आहे. मग सुई धरण्यात मुलांना कसली लाज?

पिंजारी चाचांची तात आता गल्लीत ऐकू येणार नाही कदाचित. पण दुपारच्या उन्हात दादी, सून आणि नात एकाच गोधडीच्या तीन कडांना बसलेल्या आमच्या मोहल्ल्यात अजून दिसतात. चौथी कड रिकामी आहे. तिथं बसायला कोण येतंय, बघूया.