अक्सूम : नाणे आणि न्याय यांवर उभी राहिलेली पत

'हबशी' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. मलिक अंबर हबशी होता आणि जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे त्याच बाजूचे. त्यामुळे हबश म्हणजे शूर शिपायांचा मुलूख, एवढीच आपली समजूत असते. परंतु मलिक अंबरच्या हजार वर्षे आधी त्या भूमीत अक्सूम नावाचे राज्य होते आणि त्याचा खरा लौकिक व्यापाराचा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे सातव्या शतकापर्यंत ते आजच्या उत्तर इथिओपियात व एरिट्रियात नांदले. तिसऱ्या शतकात इराणच्या मानीच्या नावे जगातील चार थोर राज्ये सांगितली गेली. त्यांत इराण व रोम यांच्या पंगतीला अक्सूम आहे.

अदुलिसचे बंदर

तांबड्या समुद्रावरील अदुलिस हे या राज्याचे बंदर. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची जलमार्गाची माहितीवही लिहून ठेवली आहे. तीत अदुलिसची आयात-निर्यात नोंदलेली आहे. हस्तिदंत, कासवाची पाठ आणि गेंड्याची शिंगे बाहेर जात. मिसरहून कापड, काचसामान, पितळ आणि थोडे तेल येई. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडून लोखंड, पोलाद, सुती कापड व लाख येई. त्याच वहीत कल्याण, चौल, पैठण व तेर यांचीही नावे आहेत. म्हणजे आपला किनारा आणि हबशचा किनारा एकाच बाजारपेठेत होते. तिथल्या राजाबद्दल लेखक म्हणतो की तो पैशाच्या बाबतीत चिकट होता, पण बाकी वागणुकीत चांगला आणि ग्रीक भाषेत तरबेज होता. ग्रीक ही त्या काळी समुद्री व्यापाराची भाषा होती.

स्वतःचे नाणे

इ. स. २७०च्या सुमारास एंदुबिस राजाने स्वतःची नाणी पाडली. त्या काळी सोन्याचे नाणे पाडणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सोन्याचे नाणे सुमारे पावणेतीन ग्रॅमचे, रोमन वजनाच्या हिशेबात बसेल असे केले, म्हणजे परदेशी व्यापाऱ्याला बदल्याचा हिशेब सोपा जावा. राजाच्या मुखवट्याच्या दोन्ही बाजूंना धान्याच्या ओंब्या काढलेल्या असत. सोन्याच्या नाण्यावरील मजकूर ग्रीकमध्ये राहिला. चांदी-तांब्याच्या नाण्यांवर मात्र पुढे गीझ ही घरची भाषा आली. परदेशच्या गिऱ्हाइकासाठी त्याची भाषा आणि गावच्या बाजारासाठी आपली, असा हा सरळ हिशेब होता.

कारागिरांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आणखी आहे. चांदीच्या आणि तांब्याच्या काही नाण्यांवर राजाच्या मस्तकाभोवती किंवा चिन्हावर बारीक सोने बसवलेले असे. टाकसाळीत हे काम नाण्यागणिक करावे लागे. अक्सूमची सोन्याची नाणी पुढे येमेनमध्येही सापडली आहेत.

न बोलता सौदा

सोने येई कोठून? सहाव्या शतकात कॉसमस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी अदुलिसला गेला होता. त्याने हकीकत लिहिली आहे. राजाची माणसे व व्यापारी मिळून पाचशेहून अधिक जण सोन्याच्या मुलखाकडे निघत. बरोबर बैल, मीठ आणि लोखंड असे. तिथे काटेरी कुंपण घालून ते मांस, मीठ व लोखंड मांडून ठेवत आणि बाजूला होत. तिथले लोक येऊन मालाजवळ सोन्याच्या गोळ्या ठेवत व मागे सरत. मालकाला भाव पटला तर तो सोने उचली. न पटला तर हात न लावता थांबे. मग समोरचा सोने वाढवी किंवा आपले परत घेई. भाषा एकमेकांना येत नव्हती, पण कोणी कोणाचा माल उचलून पळत नव्हता. जाण्या-येण्यास सहा महिने लागत. एकदा दगा झाला असता तर पुढच्या खेपेला त्या कुंपणापाशी कोण आले असते?

पाथरवटांचे काम

अक्सूमच्या पाथरवटांनी एका दगडातून प्रचंड स्तंभ घडवले आणि त्यांवर मजल्यांच्या इमारतीसारखी दारे-खिडक्या कोरल्या. सर्वांत मोठा स्तंभ सुमारे ३३ मीटर लांब व पाचशे टनांहून जड आहे. तो आता आडवा पडलेला आहे. दुसरा, २४ मीटरचा, इटलीने १९३७ मध्ये रोमला नेला. २००५ मध्ये तो परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा केला गेला.

नजाशीचा दरबार

याच देशाकडे मक्केतील छळाला कंटाळलेल्या मुस्लिमांनी इ. स. ६१५च्या सुमारास हिजरत केली. कुरैशचे व्यापारी या मुलखाशी व्यवहार करीत, म्हणून तिथला राजा काय पसंत करतो ते त्यांना ठाऊक होते. सीरतच्या ग्रंथांत येते की त्यांनी आपले दूत मक्केचे उत्तम चामडे नजराणा देऊन पाठवले आणि निर्वासितांना परत मागितले. नजाशीने हजरत जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकून घेतले, आश्रितांना सोपवण्यास नकार दिला व नजराणा परत केला. पुढे नजाशीच्या निधनाची वार्ता प्रेषितांनी (स.) सांगितली आणि त्यांच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली.

सहाव्या शतकाच्या अखेरीस येमेन इराणच्या हाती गेले, तांबड्या समुद्रावरील वाटा बदलल्या आणि अक्सूम मागे पडले. शेवटच्या काळात त्याच्या नाण्यांतील सोन्याचा कसही घटत गेला होता. बंदरे बदलतात, मालाची मागणी बदलते, ते कोणाच्या हाती नसते. पण माप पुरे द्यावे, शब्द पाळावा आणि चांगल्या मालाच्या लालचीने न्याय विकू नये, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती असते. अक्सूमचे बंदर कधीच ओस पडले. नजराणा परत करणाऱ्या नजाशीचे नाव मात्र आजही आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते.