पाय शाबूत असलेला पाटील

गावचा पाटील कोण, हे कसं शोधाल? सोपं आहे, कुणालाही विचारायचं. पण गाव तीन हजार वर्षांपूर्वीचं असेल, आणि लिहिणं म्हणजे काय हेच तिथे कुणाला माहीत नसेल, तर?

पुण्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली जुनी पांढर १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खणली. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठमोठी मंडळी, आणि काम काय, तर माती हळूहळू खरवडायची!

मातीखालून आख्खं गाव वर आलं. चुली सापडल्या. जळून कोळसा झालेले गहू, सातू आणि डाळींचे दाणे सापडले. (जळाले म्हणूनच टिकले, नाहीतर कधीच कुजून गेले असते.) हरणाची हाडं निघाली, बोरंसुद्धा खात होते लबाड! बहुतेकांची घरं लहान, मातीच्या भिंतींची. कुंभार आणि इतर कारागीर गावाच्या कडेला राहायचे. मधोमध मात्र एक घर पाच खोल्यांचं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ज्याच्या हातात कोठाराची दोरी, त्याचाच शब्द गावात चालणार, नाही का?

खरी गंमत पुढेच आहे. घाबरू नका हं. इथे माणूस गेला की त्याला घरातच किंवा अंगणात पुरायचे, डोकं उत्तरेकडे करून, शेजारी अन्नपाण्याची भांडी ठेवून. आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले! का? मेलेल्या माणसाने उठून घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. मला तो पटतो. आपलं माणूस जवळच राहावं, असं कुणाला वाटत नाही?

पण पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात मातीचा एक भलामोठा रांजण निघाला, चक्क चार पायांचा. त्यात एक माणूस मांडी घालून बसवलेला. आणि त्याचे पाय जागच्या जागी! मोठं घर, कोठार, वेगळा रांजण, शाबूत पाय. हाच गावचा प्रमुख असणार, असं संशोधकांनी ताडलं.

इंग्लंडात सटन हू इथे १९३९ साली उलटाच प्रकार झाला. अँग्लो-सॅक्सन काळात जमिनीत पुरलेल्या, सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा आख्खा ठसा मातीत सापडला; लाकूड केव्हाच कुजून गेलेलं. आत सोनं, तलवार, लोखंडी शिरस्त्राण, सगळा राजेशाही थाट. फक्त राजाचाच पत्ता नाही! तिथली माती आम्लधर्मी, तिने हाडं विरघळवून टाकली. आपल्याकडची काळी माती चुनखडीची, तिच्यात हाडं टिकतात. म्हणून तर इनामगावात कुणाचे पाय आहेत आणि कुणाचे नाहीत, हे पाहता आलं.