नाव नसलेल्या सुताराचे कपाट

पॅरिसजवळच्या पाँत्वाझ येथील न्यायालयाने ११ जून २०२५ रोजी बनावट खुर्च्यांच्या खटल्याचा निवाडा दिला, आणि अठराव्या शतकातील फ्रेंच आसनांविषयी ज्यांचा शब्द राजवाडे व लिलावगृहे प्रमाण मानीत, त्या बिल पालो यांनाच कारावास आणि दंड फर्मावला गेला. त्या प्रकरणातील एकच गोष्ट मला राहून राहून विचार करावयास लावते. मारी आंत्वानेत किंवा मादाम द्यू बारी यांच्या म्हणून खपलेल्या ज्या खुर्च्यांनी व्हर्सायच्या जाणकारांनाही चकविले, त्या घडविण्यात ज्याचा हात होता तो ब्रूनो देनू हा काष्ठशिल्पी आपल्या कलेत खरोखरच निष्णात होता. काम अव्वल प्रतीचे होते, खोटे होते ते त्या कामाला जोडलेले नाव, आणि किंमत मोजली गेली ती त्या नावाचीच. तेव्हा जुन्या फ्रेंच सामानाने घर सजविण्याची ज्यांना मनापासून हौस आहे, त्यांनी या निकालाने हताश होऊ नये. आपली दृष्टी राजधानीकडून खेड्याकडे वळवावी, असे मी सुचवितो. प्रोव्हान्स, नॉर्मंडी, ब्रिटनी, ब्रेस या मुलखांतील शेतकऱ्यांच्या घरी जे सामान पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले, त्यावर घडविणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच, आणि जेथे नाव नाही तेथे नावाचे खोटे करण्यात कोणाला लाभ नाही.

हा भेद कसा पडला, ते थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या सुतारसंघाने १७४३ च्या आपल्या नियमावलीत प्रत्येक उस्तादाने आपल्या कामावर नावाची मोहोर उमटविलीच पाहिजे असा दंडक घातला, १७५१ मध्ये त्या नियमावलीवर अधिकृत शिक्कामोर्तब झाले, आणि क्रांतीने १७९१ मध्ये व्यवसायसंघच मोडीत काढले तोवर तो दंडक टिकला. गावच्या सुताराचा या नियमावलीशी काही संबंध नव्हता. ज्याच्यासाठी कपाट करावयाचे तो त्याच्याच शेजारी राहत असे. मोहोर कोणाला दाखवावयाची? पंधराव्या लुईच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१५ ते १७७४ या काळात, राजधानीत जी नागमोडी वळणाची शैली रूढ झाली, ती त्याने सावकाशीने आत्मसात केली, आणि एकदा हातात बसल्यावर, पॅरिसची अभिरुची दोनदा-तीनदा पालटली तरी, एकोणिसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत सोडली नाही. म्हणूनच पंधराव्या लुईच्या शैलीचे म्हणून जे ग्रामीण कपाट विकावयास येते, ते त्या राजाच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी घडलेले असू शकते. यात फसवणूक नाही. गावातील काळ त्या गतीनेच चालत होता, इतकेच. मात्र ‘शैली’ आणि ‘काळ’ हे दोन शब्द भिन्न आहेत, हे ग्राहकाने विसरू नये.

या सामानाच्या सौंदर्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्याच्या कारणांविषयी त्या मानाने फार थोडे. नॉर्मंडीतील विवाहाचे कपाट घ्या. ओकच्या लाकडाचे, पुरुषभर उंचीहूनही उंच, माथ्यावर चोच भिडविलेल्या पारव्यांची जोडी, फुलांची परडी किंवा गव्हाची पेंढी कोरलेले असे हे कपाट नववधूच्या पाठवणीबरोबर गाडीवर चढवून सासरी नेले जात असे, आणि त्यात असत तिच्या नावाची आद्याक्षरे लाल दोऱ्याने भरलेल्या चादरींच्या, टॉवेलांच्या, अंगवस्त्रांच्या चळती. इतके कापड एका संसाराला कशासाठी लागे, हा प्रश्न आजच्या वाचकास पडेल. त्याचे उत्तर धुण्यात आहे. राखेच्या पाण्यात कपडे उकडण्याची मोठी धुलाई त्या खेड्यांत वर्षातून दोन-चारदाच निघे, त्यामुळे मधल्या महिन्यांची बेगमी घरात असणे अपरिहार्य होते. आणि एवढे कापड कोरडे, सुवासिक व उंदरांपासून सुरक्षित ठेवावयाचे, तर एवढेच मोठे कपाट हवे होते. पारवे व फुले त्यावर नंतर आली, आधी आली ती चादरींची संख्या.

ब्रिटनीत निजण्याची पेटीच होती: चहूंकडून फळ्यांनी बंद केलेला, सरकत्या दारांचा पलंग, दारांवर कातीव गजांची नक्षी, पुढ्यात चढण्यासाठी पेटीवजा बाक. एकाच खोलीत सारे कुटुंब, कित्येकदा पलीकडे गुरेही. अशा घरात ऊब आणि एकान्त ही दोन्ही सुखे सुताराने एका लाकडी पेटाऱ्यात साधली. आल्सासमध्ये पाइनसारख्या साध्या लाकडाचे संदूक रंगवून फुलांनी भरून टाकीत, तर ब्रेसमध्ये गडद लाकडाच्या चौकटीत ॲशच्या गाठींचे पिवळसर, ढगाळ पोताचे तावदान बसवून दुरंगी कपाटे करीत. ज्या मुलखात जे झाड, त्या घरात ते लाकूड. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात फ्रान्समधील अक्रोडाची असंख्य झाडे गोठून मेली आणि ते लाकूड पुढे इतके दुर्मिळ झाले की त्याच्या निर्यातीवर १७२० मध्ये बंदी घालावी लागली; प्रोव्हान्सच्या अक्रोडी कपाटाकडे पाहताना हा इतिहास ध्यानात असला, तर त्या मधाळ तपकिरी फळीचे मोल निराळे भासू लागते.

परंतु मला सर्वांत प्रिय आहे ती प्रोव्हान्सची पानेत्येर, म्हणजे पाव ठेवण्याची भिंतीवरची कपाटी. चारही अंगांनी कातीव गज, मध्ये चिमुकले कुलपाचे दार, माथ्यावर कातलेल्या खुंट्यांची रांग, खाली हरणाच्या खुरासारखे वळलेले पाय. आणि हे पाय असूनही ती ठेवावयाची जमिनीवर नव्हे, भिंतीवर टांगून. घरी भाजलेला पाव कित्येक दिवस पुरवावा लागे. त्याला हवा मिळाली पाहिजे, पण उंदीर पोहोचता कामा नये, म्हणून ही जाळीदार योजना. आपल्याकडील शिंकाळे आणि दुभत्याचे जाळीचे कपाट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. तिच्या खाली असे पेत्रँ, म्हणजे पीठ मळण्याची, झाकणाची, पायांवर उभी केलेली खोल काथवट. खाली मळावयाचे, वर ठेवावयाचे. घराचे अन्न त्या एका भिंतीवर सामावलेले होते, आणि म्हणूनच आर्लच्या सुतारांनी आपले उत्तम कोरीवकाम, ऑलिव्हच्या डहाळ्या आणि गव्हाच्या लोंब्या, या दोन वस्तूंवर सढळ हाताने उधळले.

ही कपाटी आज आपल्याला पाहावयास मिळते, याचे मोठे श्रेय एका कवीस आहे. फ्रेदेरीक मिस्त्राल १८३० मध्ये मायान या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मला आणि १९१४ मध्ये त्याच खेड्यात वारला. मधल्या आयुष्यात त्याने पॅरिसच्या फ्रेंचेऐवजी आपल्या प्रोव्हान्साल भाषेत काव्य लिहिले, तिचा प्रचंड कोश रचला, आणि त्या भाषेतील शब्द ज्या वस्तूंना लागू होते त्या वस्तूच घराघरांतून नाहीशा होऊ लागल्या आहेत, हे ध्यानी येताच १८९६ मध्ये आर्ल येथे संग्रहालयाचा संकल्प सोडला. ‘म्यूझेऑन आर्लातेन’ हे त्याचे नाव. १८९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. कोशकाराला वस्तूंची ओढ का लागावी? कारण पानेत्येर भंगारात गेली की तो शब्दही निर्जीव होतो. १९०४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा ते द्रव्य त्याने या संग्रहालयाच्या विस्तारासाठी वेचले, आणि कोरीव वेलबुट्टीच्या कपाटांना, पीठ मळण्याच्या काथवटींना, पाळण्यांना आर्लमधील एका जुन्या सरदारी वाड्यात १९०९ मध्ये ऐसपैस जागा मिळवून दिली. तेथे त्याने संपूर्ण खोल्याच उभ्या केल्या. एका खोलीत नाताळच्या रात्रीचे भोजन मांडलेले आहे. दुसरीत बाळंतिणीला भेटावयास आलेल्या स्त्रिया अंडे, पाव, मीठ आणि आगकाडी घेऊन उभ्या आहेत, बाळ पावासारखे चांगले, अंड्यासारखे भरलेले, मिठासारखे शहाणे आणि काडीसारखे सरळ व्हावे या आशीर्वादासह. वस्तूंवरील चिठ्ठ्यांपैकी कित्येक मिस्त्रालने स्वहस्ते, प्रोव्हान्सालमध्ये लिहिल्या. पुण्यात कवी ‘अज्ञातवासी’, म्हणजे दिनकर केळकर, यांनी दिवे, अडकित्ते आणि दरवाजे असेच वेचून १९७५ मध्ये तो ठेवा राज्याच्या स्वाधीन केला, याचे स्मरण मराठी वाचकास झाल्यावाचून राहणार नाही. दीर्घ नूतनीकरणानंतर आर्लचे संग्रहालय २०२१ मध्ये पुन्हा उघडले आहे. या सामानाची आवड असणाऱ्याने कोणत्याही दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी तेथे एक संपूर्ण दिवस काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुकानांची वाण नाही. आर्लपासून फार दूर नसलेल्या लील-सुर-ला-सोर्ग या गावात जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांची वस्तीच आहे, दर रविवारी बाजार भरतो, आणि ईस्टर व ऑगस्टच्या मध्यावर मोठ्या जत्रा होतात. भल्यामोठ्या कपाटांना आजच्या लहान सदनिकांत जागा नसल्यामुळे त्यांचे भाव एका पिढीपूर्वीच्या मानाने पुष्कळच उतरले आहेत, ही विक्रेत्याची दुर्दैवाची आणि ग्राहकाची भाग्याची गोष्ट. मात्र खातरजमा स्वतःच करावयाची. बनावट नाव येथे नसले तरी बनावट जोडकाम असते: एका कपाटाची दारे, दुसऱ्याचा सांगाडा, तिसऱ्याचा माथा. म्हणून पुढून मोहून जाण्यापूर्वी वस्तूच्या पाठीमागे जावे. जुन्या सुताराने पाठीच्या फळ्या हातरंध्याने ओबडधोबड तासलेल्या असतात; बोटे फिरविली की लाटांसारखे उंचवटे लागतात, आणि यंत्रकरवतीच्या गोल रेघा तेथे आढळल्या, तर ती फळी नंतरची. चौकटीचे जोड पाहावेत: एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते, आणि खुंट्या काढल्या की पुष्कळशी मोठी कपाटे सबंध सुटी होतात, त्याच रीतीने ती गाडीवर चढत आणि अरुंद जिन्यातून वर जात. किडीची भोके पृष्ठावर वाटोळी, टिंबासारखी हवीत; पोखरलेल्या वाटा पन्हळीसारख्या उघड्या दिसत असतील, तर जुने लाकूड नव्याने कापून वापरले आहे, असे समजावे. वाटोळे मेज दोन्ही दिशांनी मोजावे. लाकूड शतकभरात आडवे आकसते, लांबीत आकसत नाही, म्हणून खरे जुने वाटोळे मेज किंचित लांबट झालेले असते. आणि झीज तेथेच पाहावी जेथे हात व पाय पोहोचतात. खुर्चीच्या पुढच्या आडदांडीवर टाचा टेकून टेकून खळगा पडलेला असावा. मागच्या दांडीवरही तसाच खळगा असेल, तर तो कानशीने पाडलेला आहे.

घरात आणल्यावर हे सामान मांडावे कसे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: एका खोलीत एकच. एक कपाट, किंवा एक लांब शेतघरी मेज, किंवा एक पानेत्येर, आणि भोवती मोकळी, चुन्याने रंगविलेली भिंत. चार भिंतींना चार कपाटे लावून, लव्हाळ्याच्या बैठकीच्या बारा खुर्च्या मांडून जे दिवाणखाने हल्ली सजविले जातात, त्यांत एकही वस्तू श्वास घेत नाही. नव्या लाकडाला पांढरा रंग फासून, कोपरे घासून तयार केलेले ‘ग्रामीण फ्रेंच’ संच तर घरात येऊच देऊ नयेत. ज्या झिजेमागे कोणाचे आयुष्य नाही, ती झीज म्हणजे लाकडावरचा ओरखडा. जुन्याला पॉलिशची चकाकीही चढवू नये. मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून मऊ फडक्याने वर्षातून एक-दोनदा चोळणे, एवढेच त्याला पुरते. अक्रोडाचे लाकूड उन्हाने फिके पडते, म्हणून ते खिडकीसमोर ठेवू नये. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, व वातानुकूलन यंत्राचा झोत त्यावर येऊ देऊ नये, कारण ओलाव्यातून कोरड्यात आणि पुन्हा ओलाव्यात अशी रोजची ओढाताण जुन्या फळ्यांना तडे पाडते.

जोडीला कापड हवेच असेल, तर ठशाचे सुती कापड निवडावे. या निवडीस इतिहासाचा आधार आहे. प्रोव्हान्सच्या घरांतील पडदे, गोधड्या आणि उशांचे अभ्रे ज्या ठशाच्या कापडाचे असत, त्याला ‘अँदियेन’, म्हणजे ‘हिंदी’, असेच म्हणत. ते सतराव्या शतकात हिंदुस्थानातून मार्सेय बंदरात उतरे. त्याच्या खपाने फ्रान्सच्या रेशीम व लोकरीच्या विणकरांचा धंदा इतका खालावला की १६८६ मध्ये राजाने ते आयात करण्यास, छापण्यास आणि वापरण्यास मनाई केली, आणि ती १७५९ पर्यंत उठली नाही. म्हणजे आर्लच्या अक्रोडी बाकावर ठशाच्या कापडाची गादी घातली, तर ती उसनी हौस ठरत नाही. ते कापड तेथे साडेतीनशे वर्षांपासून ओळखीचे आहे.

शेवटी एक विनंती. असे कपाट घेतलेत, तर ते कोणत्या गावचे, कोणत्या घरातून निघाले, हे विक्रेत्याला विचारा. तो सांगेल तेवढे, कोठून व केव्हा घेतले या नोंदीसह, कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा, आणि तो कागद दाराच्या आतल्या बाजूस टाचण्यांवाचून, साध्या खळीने चिकटवून ठेवा.