तीनशे अठ्ठेचाळीस ओळींचं कोडं

टर्बो सी-मध्ये पडद्यावर पहिलं वर्तुळ काढलेली महाराष्ट्रात एक अख्खी पिढी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये चित्रासाठी पडदा उघडणाऱ्या 'इनिटग्राफ' या फंक्शनला दिलेला पाथ चुकला की चित्र काही उमटायचं नाही. मग बीजीआय नावाची डिरेक्टरी उघडून फायली खरंच जागेवर आहेत का, ते बघायचं. त्यात 'ईजीएव्हीजीए' नावाची फाइल आपल्या कामाची. तिच्या शेजारी आणखी एक, 'हर्क'. तिला कधी हात लावायची वेळ आली नाही. पुढे एकदा मॅन्युअलमध्ये तिच्यासमोरचा आकडा वाचला, ७२० बाय ३४८ ठिपके, आणि मी तिथेच थांबलो. ३२० बाय २०० कळतं, ६४० बाय ४८० कळतं. पण ३४८? इतका आडनिडा आकडा कुणी आणि का निवडला असेल?

'हर्क' म्हणजे हर्क्युलिस. व्हॅन सुवन्नुकुल आणि केव्हिन जेन्किन्स या दोघांनी १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या हर्क्युलिस याच नावाच्या गावात सुरू केलेली कंपनी. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमचा पीसी बाजारात आला होता. त्याच्या पडद्यासाठी आयबीएमची दोन कार्डं होती आणि त्यांतलं एक निवडावं लागे. मोनोक्रोम कार्डावर अक्षरं अतिशय रेखीव दिसत, पण त्यावर चित्र म्हणून काढता येत नसे. कलर कार्डावर चित्र निघे, पण त्याची अक्षरं आठ बाय आठ ठिपक्यांत कोंबलेली, भरड. आकडेमोड आणि आलेख दोन्ही नीट हवे असले, तर माणसं दोन्ही कार्डं बसवत आणि टेबलावर दोन मॉनिटर मांडत.

मोनोक्रोम कार्डाला चित्र का जमत नव्हतं? कारण ठिपका म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या लेखी पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, अशा दोन हजार चौकटी. प्रत्येक चौकट ९ ठिपके रुंद, १४ ठिपके उंच. कोणत्या चौकटीत कितव्या क्रमांकाचं अक्षर आणि ते कसं दाखवायचं, एवढंच ते लक्षात ठेवी. अक्षरांचे २५६ आकार चिपमध्ये कायमचे कोरलेले. या सगळ्याला ४ किलोबाइट मेमरी पुरे. खिळे जुळवून छापायच्या छापखान्यासारखा हा मामला: पेटीत जो खिळा नाही, तो छापता येत नाही.

सुवन्नुकुल मूळचे थायलंडचे. त्यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता आणि त्यासाठीच हर्क्युलिसचं कार्ड जन्माला आलं, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. मराठी माणसाला ही कथा ऐकल्याबरोबर पटावी. थाई लिपी आपल्या देवनागरीची दूरची बहीण. ब्राह्मीतून दक्षिणेत पल्लव लिपी निघाली, ती समुद्रापलीकडे गेली, तिच्यातून ख्मेर आणि ख्मेरमधून थाई. स्वरांच्या खुणा तिथेही अक्षराच्या वर, खाली, आधी, नंतर बसतात. शिवाय थाईत शब्दाचा सूर दाखवणारी खूण असते आणि वरच्या मात्रेच्याही डोक्यावर ती चढते. आपल्याकडचा 'मूर्तींना' हा शब्द घ्या. म-ला खाली दीर्घ उकार. त-ला दुसरी वेलांटी, तिच्यावर रफार, त्याला चिकटून अनुस्वार. आता हे सगळं २५६ कोरीव आकारांतून आणि एका चौकटीत एकच अक्षर या नियमानं उभं करून दाखवा! रोमन लिपी मनात धरून आखलेल्या त्या पडद्यावर मात्रेला जागाच नव्हती.

उपाय एकच: चौकटी मोडायच्या आणि प्रत्येक ठिपका आपल्या हुकमतीत आणायचा. पडदा तोच, रुंदी ७२० ठिपके, उंची ३५०. म्हणजे २,५२,००० ठिपके. पेटला किंवा विझला, एवढंच सांगायचं असल्यानं प्रत्येकाला एक बिट, एकूण ३१,५०० बाइट. हे ३२ किलोबाइटमध्ये आरामात मावतं. मग दोन ओळी गेल्या कुठे?

हे कोडं सुटतं त्या कार्डावरच्या मोटोरोला ६८४५ या चिपपाशी. मॉनिटरवर ओळी आखण्याचं काम तिचं. पण ती घडवलेली मजकुरासाठी. ती ठिपक्यांच्या ओळी मोजत नाही, अक्षरांच्या ओळी मोजते, आणि पडद्यावर किती ओळी दाखवायच्या हा आकडा ठेवायला तिच्याकडे फक्त सात बिट आहेत. सात बिटांत सर्वात मोठी संख्या बसते १२७. तिला साडेतीनशे सांगायचं कसं? हर्क्युलिसनं तिला सांगितलं, तुझं अक्षर फक्त चार ठिपके उंच आहे आणि अशा ओळी ८७ आहेत. चिपनं ते मुकाट्यानं मानलं. सत्त्याऐंशी चोक तीनशे अठ्ठेचाळीस. ३५० ला चारनं भाग जात नाही, म्हणून शेवटच्या दोन ओळी सोडून दिल्या! ही जुळणी पहिल्यांदा मांडली, तेव्हा मी कागदावर तीनदा गुणाकार करून पाहिला.

याचा एक विलक्षण परिणाम झाला. पडद्यावर एकाखाली एक असलेल्या ओळी मेमरीत शेजारी शेजारी राहत नाहीत. मेमरीचे आठ-आठ किलोबाइटचे चार कप्पे. शून्य, चार, आठ या ओळी पहिल्या कप्प्यात, एक, पाच, नऊ दुसऱ्यात, असं पुढे. पत्त्यांची पानं चौघांत वाटावीत तशी. दहावी ओळ हवी तर दहाला चारनं भागा: बाकी दोन, म्हणून तिसरा कप्पा, भागाकार दोन, म्हणून त्यातल्या दोन ओळी, म्हणजे १८० बाइट ओलांडायचे. एका ओळीला ९० बाइट, कप्प्यात ८७ ओळी, मिळून ७,८३०. आणि कप्प्याची जागा ८,१९२. किती नेटकं बसलंय! हर्क्युलिसवर रेघ मारणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला, प्रत्येक ठिपक्यासाठी, हा हिशेब करावा लागे. त्यात ठिपकेही चौरस नव्हते, रुंदीच्या सुमारे दीडपट उंच. वर्तुळ काढताना ते सांभाळलं नाही, तर अंडं उभं राही.

कार्डावर ६४ किलोबाइट मेमरी होती, म्हणजे अशी दोन पूर्ण पानं. शिवाय प्रिंटरची जोडणी. किंमत ४९९ डॉलर. मजकूर आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डाइतकाच रेखीव, आणि त्याच मॉनिटरवर आता चित्रही. जानेवारी १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री हे स्प्रेडशीट आलं, ते हर्क्युलिसवर आलेख काढू लागलं, आणि दुसऱ्या मॉनिटरची गरज संपली. बघता बघता इतर कंपन्यांनी या कार्डाची नक्कल केली आणि 'हर्क्युलिस कम्पॅटिबल' ही कार्डांची एक जातच तयार झाली. आयबीएमच्या यंत्रासाठी आयबीएमबाहेरच्या एका छोट्या कंपनीनं पाडलेला हा पायंडा.

पुढची वाटचाल थोडक्यात. १९८६ च्या हर्क्युलिस प्लसमध्ये ३,०७२ अक्षरांचे आकार आपल्याला हवे तसे भरता येत. मला ते मूळ कार्डाहूनही गोड वाटतं: मजकुराचा वेग तोच, आणि खिळ्यांची पेटी आपली. १९८७ मध्ये सोळा रंगांचं इनकलर आलं, पण त्याच वर्षी आयबीएमचं व्हीजीए आलं आणि बाजार तिकडे वळला. १९९९ मध्ये फ्रान्सच्या गिलेमो कंपनीनं हर्क्युलिस विकत घेतली, २००४ मध्ये ग्राफिक्स कार्डं बंद झाली, आणि आज ते नाव डीजेंच्या यंत्रांवर दिसतं.

मात्रेला जागा मिळवून देण्याची हीच खटपट आपल्याकडेही झाली. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्टचं तंत्र घडवलं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था सुरू झाल्यावर ते तिथे रुजलं. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसवलं की डॉसमधल्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटे. रस्ता वेगळा, पण गाठ तीच: एका चौकटीत एक अक्षर मानणाऱ्या यंत्राला वेलांटी समजावायची कशी?

परवा मी जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मशीन म्हणून 'हर्क्युलिस' लिहिलं आणि टर्बो सी सुरू केलं. कार्ड ओळखायचं काम प्रोग्रॅमवरच सोडलं. इतकी वर्षं नुसती पडून असलेली 'हर्क' फाइल त्यानं आपणहून उचलली आणि पडदा चित्रासाठी उघडला. सर्वात खालच्या ओळीचा क्रमांक विचारला. मोजणी शून्यापासून. उत्तर आलं, ३४७.