पोरक्या मुलाचा कायदा, कोरेगावातून पाहताना

कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात एखादं मूल पोरकं झालं, की तेराव्याच्या आतच भावकीत प्रश्न निघतो: पोर आता कुणाकडं? बहुतेक वेळा उत्तरही तिथंच मिळतं. चुलता म्हणतो आमच्यात राहील, मामा न्यायला तयार असतो, आणि आजी दोघांनाही गप्प करून पोराला आपल्या कुशीत घेते. या घरगुती निर्णयाच्या आड कायदा येत नाही. पण त्या मुलाच्या खर्चासाठी, जमिनीसाठी आणि भवितव्यासाठी कायद्यात बरंच काही लिहून ठेवलेलं आहे. ते त्या आजीपर्यंत पोचत नाही, म्हणून हा लेख.

आपल्याकडं पोरक्या मुलाचं नाव निघालं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, आश्रम आणि दत्तक. कायद्याची मांडणी वेगळी आहे. त्याच्या लेखी पहिला हक्क मुलाच्या स्वतःच्या घराचा. घर डळमळत असेल तर त्याला टेकू द्यायचा. घरच नसेल तर दुसरं कुटुंब शोधायचं, आणि संस्था अगदी शेवटी. हा क्रम ध्यानात राहिला तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

मुख्य कायदा केंद्राचा आहे: बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेला भारतानं १९९२ मध्ये मान्यता दिली, तिचाच हा पुढचा धागा. महाराष्ट्रानं या कायद्याखाली २०१८ मध्ये आपले नियम केले. दत्तकासाठी केंद्राची २०२२ ची स्वतंत्र नियमावली आहे. पैशाची बाजू केंद्राचं मिशन वात्सल्य आणि राज्याची बालसंगोपन योजना सांभाळते. कोरेगावकरांच्या दृष्टीनं या साऱ्याचं टोक साताऱ्यात आहे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय, त्याखालचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती, ही तिन्ही नावं लक्षात ठेवावीत. त्यातही समिती महत्त्वाची. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक महिला. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिच्यापुढं जायला वकील लागत नाही की फी लागत नाही.

आता आजीच्या घरी परत येऊ. राज्याच्या बालसंगोपन योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. तिच्यातून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, तेही वयाची अठरा वर्षं पुरी होईपर्यंत. आई-वडील दोन्ही गेलेलीच मुलं यात येतात, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. वडील गेले आणि आई शेतमजुरी करून दोन पोरं वाढवते, तीही पात्र आहेत. आई-वडिलांचा घटस्फोट झालेली, एकानं टाकून दिलेली, पालक दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलेले किंवा तुरुंगात असलेली मुलंही पात्र ठरतात. म्हणजे आपल्या ओळखीतल्या कित्येक विधवा बायांचा यावर हक्क आहे, आणि त्यांतल्या अनेकींनी या योजनेचं नावही ऐकलेलं नसतं.

अर्जाला काय लागतं? मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार कार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक. आणि एक फोटो: घरासमोर मुलाला शेजारी घेऊन उभ्या असलेल्या पालकाचा, पोस्टकार्डाएवढा. बाकीचे कागद मुलाची अडचण सिद्ध करतात. मूल याच उंबऱ्यात, याच माणसाजवळ राहतं, हे तेवढा हा फोटो सांगतो. म्हणून अर्जातला तो कागद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. अर्ज दिल्यावर गृहचौकशी होते. घरी माणूस येतो, मुलाशी बोलतो, शाळेत विचारतो, आणि मग प्रकरण समितीपुढं जातं. समितीचा आदेश झाला की लाभ सुरू होतो. हा आदेश कायमचा नसतो, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. ते राहून गेलं म्हणून पैसे थांबतात आणि घरचे समजतात योजना बंद पडली.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून दिली जाणारी मदत, आहे; तिची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं, इतरत्र ९६,००० च्या आत. आपल्याला कुठली योजना लागू पडते, हे बाल संरक्षण कक्षातच विचारावं.

खेड्यातल्या पोरक्या मुलाचा आणखी एक प्रश्न असतो, त्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. तो म्हणजे जमिनीचा. बाप गेला की सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचं नाव वारस म्हणून लागतं, आणि पुढं अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून आईचं किंवा कुणा नातलगाचं. त्या पालनकर्त्याला जमीन विकायचा परवाना मिळालेला नसतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणं अज्ञान मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत खुद्द आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नुसता सांभाळ करणाऱ्या चुलत्याला तर तो अधिकार मुळीच नाही. मूल पुढं दत्तक गेलं, तरी दत्तकाच्या आधी त्याच्या मालकीची झालेली मिळकत त्याचीच राहते. आल्याचं पीक निघणाऱ्या बागायती रानाची किंमत आज काय आहे ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

ज्या मुलाला कुणीच नाही, त्याची वाट निराळी. समजा, कोरेगाव स्टेशनवर किंवा रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर एकटं मूल सापडलं. ज्याला ते सापडलं आणि ज्यानं ते ताब्यात घेतलं त्यानं चोवीस तासांच्या आत पोलीस, समिती, बाल संरक्षण कक्ष किंवा १०९८ या क्रमांकावर कळवलं पाहिजे. हा ऐच्छिक चांगुलपणा नाही. न कळवणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मूल समितीपुढं आलं पाहिजे. बैठक नसेल तर एका सदस्यापुढं हजर केलं तरी चालतं. मग शोध सुरू होतो, वर्तमानपत्रात फोटो छापला जातो, पोलीस हरवलेल्यांच्या नोंदी तपासतात. कुणीच पुढं आलं नाही, तर समिती मुलाला दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त जाहीर करते. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी ही मुदत दोन महिन्यांची, मोठ्यासाठी चार महिन्यांची.

ज्या आईला मूल सांभाळणं शक्यच नाही, तिच्यासाठीही कायद्यानं वाट ठेवली आहे. तिनं समितीपुढं येऊन मूल सोपवायचं. समिती आधी तिची समजूत घालते, मदतीचे मार्ग सांगते. तरीही ती ठाम राहिली तर दस्त होतो, आणि त्यानंतर तिला विचार बदलायला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत ती परत आली तर मूल तिचं. तिचं नाव गुप्त राहतं. नाइलाजानं मूल सोडणाऱ्या आई-बापांवर शिक्षेचं कलम लावायचं नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. उकिरड्यावर अर्भक सापडल्याच्या बातम्या वाचताना वाटतं, ही एवढी माहिती त्या बाईला वेळेत कुणी सांगितली असती तर! आपल्याच मुलखातला याचा मोठा दाखला आहे. शेजारच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे फुल्यांचं मूळ गाव, आणि सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. बाईनं गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर जावं. तिथंच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतलं, आणि तो पुढं डॉक्टर झाला. कायद्यानं आज जी वाट आखली आहे, ती त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी चालून दाखवली.

आता दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांकडं वळू. साताऱ्याच्या माणसाला दत्तकाचा इतिहास सांगायला नको. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारनं नाकारला आणि राज्य खालसा केलं. तेव्हा दत्तक गादीसाठी होता, वंशासाठी होता. आजचा बाल न्याय कायदा उलट बाजूनं सुरू होतो: या मुलाला कोणतं घर मिळावं? म्हणून मूल निवडत फिरता येत नाही. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर नोंदणी करायची, कागद चढवायचे. मग समाजसेविका घरी येऊन गृहपाहणी अहवाल करते. जोडप्याच्या लग्नाला निदान दोन वर्षं झालेली असावीत. एकटी स्त्री मुलगा वा मुलगी घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. मूल आणि पालक यांच्या वयात पंचवीस वर्षांचं अंतर हवं. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. म्हणून पंचेचाळिशीपर्यंत नवससायास करून मग नोंदणीला येणाऱ्यांना तान्हं बाळ मिळत नाही. हे कटू आहे, पण आधी कळलेलं बरं.

मग प्रतीक्षा. तान्ह्या, निरोगी बाळांपेक्षा वाट पाहणारी जोडपी कितीतरी जास्त आहेत, त्यामुळं वर्षं जातात. आपला क्रम आला की एका मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल पडद्यावर येतो, आणि ४८ तासांत त्याला राखून ठेवायचं की नाही ते सांगायचं असतं. मग संस्थेत जाऊन भेट. होकार दिला की दत्तकपूर्व संगोपनासाठी मूल घरी येतं. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. दोन महिन्यांत निकाल अपेक्षित असतो, आणि तो मान्य नसेल तर विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं. त्यानंतरची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाची विचारपूस होते.

भावाचं किंवा बहिणीचं मूल घ्यायचं असेल तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा जुना रस्ता खुला आहे. मूल साधारणपणे पंधराच्या आतलं हवं. स्वतःला मुलगा किंवा मुलाकडून नातू असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलीबाबतही तसंच. देणं-घेणं प्रत्यक्ष व्हावं लागतं. दुय्यम निबंधकांकडं नोंदवलेलं दत्तकपत्र असेल तर पुढं वाद निघाल्यावर ते मोठा आधार ठरतं. मूल देण्याचा अधिकार मात्र फक्त आई-वडिलांचा, ते नसतील तर न्यायालयाच्या परवानगीनं पालकाचा. डॉक्टरांचा नाही, नर्सचा नाही, आणि ‘ओळखीतनं काम करून देतो’ म्हणणाऱ्याचा तर नाहीच. स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन, वर पैसे मोजून आणलेलं मूल कायद्यानं तुमचं होत नाही. मूल विकणाऱ्या-घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे. दवाखान्यातला माणूस त्यात असेल तर शिक्षा तीन ते सात वर्षं. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत ‘दोन अनाथ बाळं आहेत, दत्तक हवी असतील तर फोन करा’ असे निरोप घराघरांतल्या फोनवर फिरले. चांगली माणसंही ते पुढं पाठवत होती. तो मार्गच बेकायदेशीर होता.

दत्तकाच्या अलीकडं आणखी एक दार आहे, प्रतिपालनाचं. सहा वर्षांवरची जी मुलं संस्थेत आहेत आणि दत्तक जाण्याची शक्यता कमी आहे, त्यांना काही काळासाठी एखादं कुटुंब सांभाळतं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कुटुंबाला दोन वर्षांनी त्याच मुलाला दत्तक घेता येतं. आपल्याकडं हे अजून फारसं रुजलेलं नाही, आणि ते रुजायला हवं. बारा वर्षांच्या पोरालाही घर हवं असतंच.

तुमच्या वाडीत, वस्तीवर, भावकीत असं एखादं मूल असेल तर त्याच्या आजीला किंवा आईला एकटं सोडू नका. गाव बाल संरक्षण समितीच्या सदस्य सचिव अंगणवाडी सेविका असतात, त्यांना गाठा. नाहीतर एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, पण कागद घेऊन तिच्याबरोबर साताऱ्याला जा आणि तिचा अर्ज भरून द्या.