आहार आणि वार्धक्यजन्य नेत्रविकार

उतारवयात डोळ्याच्या निरनिराळ्या भागांत झीज वा बदल होऊन जे विकार उद्भवतात, त्यांना वार्धक्यजन्य नेत्रविकार असे म्हणतात. मोतीबिंदू, पीतबिंदूचा ऱ्हास आणि काचबिंदू हे त्यांतील प्रमुख विकार होत. या तिन्हींचा आहाराशी असलेला संबंध सारखा नाही. पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या एका विशिष्ट टप्प्यावर पोषक द्रव्यांच्या ठरावीक मिश्रणाने रोगाची वाढ मंदावते, हे मोठ्या वैद्यकीय चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. मोतीबिंदूचा आहाराशी संबंध दिसून येतो. परंतु झालेला मोतीबिंदू कोणत्याही आहाराने वा गोळीने नाहीसा होत नाही. काचबिंदू रोखणारा आहार तर अद्याप सिद्ध झालेला नाही. हा भेद ध्यानात न घेता केवळ पथ्यावर किंवा ‘डोळ्यांच्या गोळ्यां’वर विसंबून राहिल्यास उपचारांची योग्य वेळ टळून जाण्याचा धोका असतो.

डोळ्याची रचना आणि पोषण

डोळ्यात शिरणारा प्रकाश नेत्रभिंगातून जाऊन आतील दृष्टिपटलावर केंद्रित होतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पिवळसर छटेचा एक लहानसा भाग असतो, तो पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे अशी बारकाईने पाहण्याची सर्व कामे या भागामुळे शक्य होतात. त्याचा पिवळा रंग ल्युटीन आणि झीझँथिन या दोन रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये मानवी शरीरात तयार होत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. प्रकाशातील निळे किरण ती काही अंशी शोषून घेतात.

दृष्टिपटलास ऑक्सिजन फार मोठ्या प्रमाणावर लागतो आणि त्यावर सतत प्रकाश पडत असतो. त्यामुळे तेथे पेशींना इजा करणारी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे निर्माण होतात. जीवनसत्त्व क, जीवनसत्त्व ई यांसारखी द्रव्ये या संयुगांना निष्प्रभ करतात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हटले जाते. नेत्रभिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण भोवतालच्या द्रवातून होते. या द्रवात जीवनसत्त्व क चे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक असते. आहार आणि नेत्रविकार यांच्या संबंधाचा शोध प्रथम याच बाबींच्या आधारे सुरू झाला.

जीवनसत्त्व अ आणि गाजर

गाजर खाल्ल्याने नजर तेज होते, हा समज सर्वत्र आढळतो. जीवनसत्त्व अ च्या अभावी रातांधळेपणा येतो आणि अभाव तीव्र असल्यास बुबुळाला इजा होऊन अंधत्वही येऊ शकते. मुख्यतः कुपोषित बालकांत आढळणाऱ्या या विकारासाठी भारतात १९७० पासून बालकांना जीवनसत्त्व अ चे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. मात्र ज्यांना त्याची कमतरता नाही, त्यांच्या नजरेत गाजर खाऊन सुधारणा होत नाही. वार्धक्यजन्य विकार हे अशा कमतरतेचे विकार नव्हेत.

पीतबिंदूचा ऱ्हास

या विकारात दृष्टिपटलाखाली ‘ड्रुसेन’ नावाचे पिवळसर साठे जमू लागतात. प्रारंभी रुग्णाला काहीच जाणवत नाही. मध्यम टप्प्यात या साठ्यांचा आकार वाढतो. प्रगत टप्प्याचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात पीतबिंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या वाढून त्यांतून द्रव वा रक्त झिरपते आणि मधली दृष्टी अल्पावधीत जाऊ शकते. वाढते वय, आनुवंशिकता आणि धूम्रपान ही या विकाराची महत्त्वाची कारणे आहेत.

अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पालकासारख्या हिरव्या पालेभाज्या अधिक खाणाऱ्यांत प्रगत ऱ्हासाचे प्रमाण कमी असल्याचे दिसून आले. परंतु अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पालेभाज्या खाणारी माणसे धूम्रपान कमी करत असतील, व्यायाम अधिक करत असतील, अशीही शक्यता राहते. म्हणून एका गटास पोषक द्रव्ये आणि दुसऱ्या गटास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन तुलना करणाऱ्या चाचण्यांची गरज असते.

एरेड्स चाचण्या

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने अशी चाचणी १९९२ मध्ये सुरू केली. ती ‘एरेड्स’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पीतबिंदूच्या ऱ्हासासंबंधीच्या चाचणीत ३,६४० व्यक्तींचा समावेश होता. त्यांना दिलेल्या मिश्रणाची दैनंदिन मात्रा पुढीलप्रमाणे होती :

• जीवनसत्त्व क – ५०० मिलिग्रॅम
• जीवनसत्त्व ई – ४०० आंतरराष्ट्रीय एकके
• बीटा-कॅरोटीन – १५ मिलिग्रॅम
• जस्त – ८० मिलिग्रॅम
• तांबे – २ मिलिग्रॅम

जस्ताच्या मोठ्या मात्रेमुळे शरीरात तांब्याची कमतरता होऊ शकते, म्हणून तांबे मिसळण्यात आले होते.

मध्यम टप्प्यातील ऱ्हास असलेल्या, किंवा एका डोळ्यात प्रगत ऱ्हास झालेल्या व्यक्तींत पाच वर्षांनी फरक दिसून आला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे २८ जणांचा विकार प्रगत टप्प्यास गेला होता; मिश्रण घेणाऱ्यांत ही संख्या सुमारे २० होती. म्हणजे धोका साधारणतः एक चतुर्थांशाने घटला. हेच आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचले पाहिजेत : मिश्रण घेऊनही शंभरांतील सुमारे वीस जणांचा विकार वाढलाच. गेलेली दृष्टी या मिश्रणाने परत येत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे दिसले नाही. ज्यांना हा विकार नाही, त्यांचा तो अशा गोळ्यांनी टळतो, असेही सिद्ध झालेले नाही.

दुसरी चाचणी, ‘एरेड्स २’, २००६ मध्ये सुरू होऊन तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाले. तीत ४,२०३ जणांचा सहभाग होता. मूळ मिश्रणात १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झीझँथिन, किंवा माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले मिसळल्यास अधिक लाभ होतो का, हे त्यात तपासले गेले. ओमेगा-३ च्या गोळ्यांचा उपयोग दिसला नाही. ल्युटीन व झीझँथिन यांनीही एकूण लाभात ठळक भर घातली नाही. मात्र बीटा-कॅरोटीनऐवजी ती वापरणे अधिक सुरक्षित असल्याचे आढळले. त्यामुळे सुधारित मिश्रणातून बीटा-कॅरोटीन वगळण्यात आले.

बीटा-कॅरोटीन आणि धूम्रपान

बीटा-कॅरोटीन वगळण्याचे कारण गंभीर होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ‘कॅरेट’ ही चाचणी अशाच कारणाने १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. ‘एरेड्स २’मधील सहभागींच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही बीटा-कॅरोटीन घेतलेल्यांत या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला, ल्युटीन घेतलेल्यांत तो वाढला नव्हता. हा धोका अधिक मात्रेच्या गोळ्यांचा आहे, गाजर, भोपळा वा आंब्याचा नव्हे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, तसेच हे व्यसन सोडलेल्यांनीही, गोळीच्या वेष्टनावरील घटकद्रव्ये तपासून घेणे आवश्यक ठरते.

मोतीबिंदू

नेत्रभिंगातील प्रथिनांत बदल होऊन ते गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. उत्तर व दक्षिण भारतातील ६० वर्षांवरील ५,६३८ व्यक्तींच्या अभ्यासात, रक्तात जीवनसत्त्व क अधिक असलेल्यांत मोतीबिंदूचे प्रमाण कमी आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु गोळ्यांच्या चाचण्यांनी ही आशा पुरी केली नाही. दक्षिण भारताच्या ग्रामीण भागात ७९८ व्यक्तींना पाच वर्षे अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे देऊनही मोतीबिंदूची वाढ थांबली नाही. एरेड्स मिश्रणाचाही त्यावर परिणाम झाला नाही. जन्मभराच्या आहारातून जे घडते, ते उतारवयातील काही वर्षांच्या गोळ्यांनी साधत नसावे, असा एक तर्क यावर मांडला जातो.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर बहुतेकांची दृष्टी सुधारते. भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत ही शस्त्रक्रिया विनामूल्य केली जाते. तरीही २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील ५० वर्षांवरील व्यक्तींच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे होते.

काचबिंदू आणि मधुमेह

काचबिंदूत दृष्टिचेतेची हानी होते आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. डोळ्यातील दाब कमी करणे हाच त्यावरील सिद्ध उपचार आहे. त्यासाठी दिलेले थेंब आहारात बदल केला म्हणून बंद करणे धोक्याचे असते. मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार हा वार्धक्यजन्य नसला, तरी उतारवयात तो अनेकदा जोडीला असतो. येथे आहाराचे महत्त्व निर्विवाद आहे, कारण रक्तातील साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास या विकाराची वाढ मंदावते.

दैनंदिन आहार

एरेड्स मिश्रणातील मात्रा नेहमीच्या जेवणातून मिळणाऱ्या मात्रांपेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. ते मिश्रण म्हणजे औषध होय, आहाराचा पर्याय नव्हे. आहाराचा स्वतंत्र लाभ मात्र निरीक्षणांतून सातत्याने पुढे येतो. नेदरलँड्स व फ्रान्समधील सुमारे पाच हजार व्यक्तींच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाज्या, फळे, कडधान्ये, मासे व ऑलिव्ह तेल यांवर भर देणाऱ्या भूमध्यसागरी आहाराचे कसोशीने पालन करणाऱ्यांत प्रगत ऱ्हासाचा धोका ४१ टक्क्यांनी कमी होता.

महाराष्ट्रातील नेहमीच्या जेवणातही अशी द्रव्ये सहज मिळतात. पालक, मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला या पालेभाज्यांतून ल्युटीन मिळते. १०० ग्रॅम शिजवलेल्या पालकात ल्युटीन व झीझँथिन मिळून सुमारे ११ मिलिग्रॅम असतात. मका हा झीझँथिनचा चांगला स्रोत आहे. अंड्याच्या बलकात ही द्रव्ये कमी असली, तरी ती अधिक चांगली शोषली जातात. दोन्ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळत असल्याने, पालेभाजीला तेलाची फोडणी देणे पोषणाच्या दृष्टीने योग्यच आहे. आवळा, पेरू व लिंबू यांतून जीवनसत्त्व क मिळते. ते उष्णतेने नष्ट होत असल्याने पेरू कच्चा खाणे व लिंबू वाढताना पिळणे इष्ट. कडधान्यांतील जस्त मोड आणल्याने शरीरास अधिक सुलभतेने मिळते.

पथ्यातील बदल सर्वांना सारखे मानवत नाहीत. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतील जीवनसत्त्व के मुळे औषधाचा प्रभाव कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियमयुक्त भाज्या व फळे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.

तपासणीचे महत्त्व

पोषक द्रव्यांचे मिश्रण कोणास उपयोगी पडेल, हे केवळ वयावरून किंवा अंधुक दिसण्यावरून ठरत नाही. त्यासाठी बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी करावी लागते. सरळ रेषा वाकड्या दिसणे, अक्षरांच्या मध्यभागी डाग वा रिकामी जागा दिसणे ही ओल्या प्रकाराची लक्षणे असू शकतात. अशा वेळी डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी दृष्टी बऱ्याच अंशी वाचवता येते. मात्र उपचार त्वरित सुरू व्हावे लागतात. एका डोळ्याची दृष्टी शाबूत असल्यास दुसऱ्यातील दोष लक्षात येत नाही; म्हणून प्रत्येक डोळा आळीपाळीने झाकून चौकटींच्या तक्त्यावरील रेषा पाहण्याची सवय नेत्रतज्ज्ञ सुचवतात. धूम्रपान सोडणे हा पीतबिंदूचा ऱ्हास आणि मोतीबिंदू या दोन्हींचा धोका कमी करणारा उपाय असून, त्यासाठी कोणतीही गोळी विकत घ्यावी लागत नाही.