फाइल एक्सप्लोररने आधी कोणते फोल्डर उघडावे? निर्णय वापरकर्त्याच्या हाती

संगणकावरील ‘फाइल एक्सप्लोरर’च्या पिवळ्या चिन्हावर क्लिक केल्यानंतर जो पहिला पडदा समोर येतो, तो बहुतेक वापरकर्ते आहे तसा स्वीकारतात. विंडोज ११ मध्ये या पडद्यावर नुकत्याच उघडलेल्या फाइल्सची नावे आपोआप दिसतात. घरच्या संगणकावर ही सोय ठरते. मात्र सायबर कॅफे, झेरॉक्सचे दुकान किंवा अनेक कर्मचारी वापरत असलेला कार्यालयीन संगणक अशा ठिकाणी तीच सोय आधीच्या व्यक्तीचे आधार कार्ड, गुणपत्रिका किंवा वैद्यकीय अहवाल पुढच्या व्यक्तीच्या नजरेसमोर ठेवते. एक्सप्लोररने आरंभी कोणते ठिकाण दाखवावे, हे ठरवण्याची व्यवस्था प्रणालीतच आहे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही.

बदलत गेलेले प्रवेशद्वार

विंडोज ९५ या आवृत्तीसोबत १९९५ मध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ आला. २०१२ मध्ये विंडोज ८ पासून त्याचे नाव ‘फाइल एक्सप्लोरर’ झाले. त्याचा पहिला पडदाही वेळोवेळी बदलत गेला. विंडोज ७ मध्ये टास्कबारवरील चिन्हावर क्लिक केल्यास ‘लायब्ररीज’ उघडत असे, तर विंडोज ८.१ मध्ये ‘धिस पीसी’. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने ‘क्विक ॲक्सेस’ पुढे आणले आणि २०२२ मधील अद्ययावत विंडोज ११ मध्ये त्या जागी ‘होम’ आले.

‘धिस पीसी’ आणि ‘होम’ यांच्यातील फरक महत्त्वाचा आहे. ‘धिस पीसी’मध्ये संगणकातील ‘सी’, ‘डी’ असे ड्राइव्ह आणि जोडलेले पेन ड्राइव्ह दिसतात. ‘होम’ मात्र वापरकर्त्याने अलीकडे काय उघडले, याची नोंद समोर मांडते.

विंडोजमध्ये बदल कसा करावा

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पट्टीतील तीन टिंबांवर क्लिक करावे आणि ‘ऑप्शन्स’ निवडावे. विंडोज १० मध्ये हाच पर्याय ‘व्ह्यू’ या टॅबमध्ये असतो. उघडणाऱ्या चौकटीत ‘जनरल’ या टॅबवर सर्वात वर ‘ओपन फाइल एक्सप्लोरर टू’ अशी ओळ दिसते. तिच्या यादीतून ‘धिस पीसी’ निवडून ‘ओके’ करावे. त्यानंतर विंडोज कळ आणि ‘ई’ एकत्र दाबल्यास किंवा टास्कबारवरील चिन्हावर क्लिक केल्यास ‘धिस पीसी’ उघडते.

मात्र एवढ्याने अलीकडच्या फाइल्सची नोंद पुसली जात नाही. डावीकडील ‘होम’वर क्लिक केले की ती पुन्हा दिसते. त्यामुळे त्याच चौकटीतील ‘प्रायव्हसी’ या भागात अलीकडे वापरलेल्या फाइल्स आणि वारंवार वापरलेली फोल्डर दाखवण्यासंबंधीच्या खुणा काढाव्यात व ‘क्लिअर’ हे बटण दाबावे. या बटणाने केवळ यादी रिकामी होते, मूळ फाइल्स जागेवरच राहतात. याउलट, यादीतील एखादी फाइल निवडून ‘डिलीट’ केल्यास मूळ फाइलच काढली जाण्याचा धोका असतो.

स्वतःचे फोल्डर थेट उघडण्यासाठी

विंडोजच्या या यादीत मोजकेच पर्याय असतात. आपल्या मनाप्रमाणे कोणतेही फोल्डर त्यात निवडता येत नाही. रोज एकाच फोल्डरमध्ये काम करणाऱ्या लेखापालाला किंवा शिक्षकाला त्यासाठी दुसरा मार्ग उपलब्ध आहे. हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज पाथ’ निवडावे. विंडोज १० मध्ये त्या वेळी ‘शिफ्ट’ कळ दाबून ठेवावी लागते. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘न्यू’ आणि ‘शॉर्टकट’ निवडावे. समोरच्या रकान्यात रोमन लिपीत ‘एक्सप्लोरर’ हा शब्द टाइप करून एक जागा सोडावी आणि कॉपी केलेला पत्ता पेस्ट करावा. पत्त्याभोवतीची अवतरणचिन्हे काढू नयेत.

शॉर्टकट तयार झाल्यावर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शॉर्टकट की’ या रकान्यात एखादे अक्षर दाबल्यास ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ते अक्षर एकत्र दाबून फोल्डर थेट उघडता येते. एवढा खटाटोप नको असल्यास फोल्डरवर राइट क्लिक करून ‘पिन टू क्विक ॲक्सेस’ निवडावे, म्हणजे ते डावीकडील स्तंभात कायम दिसत राहते.

मॅक आणि लिनक्स

ॲपलच्या मॅक संगणकांवर हे काम तुलनेने सोपे आहे. ‘फाइंडर’च्या मेनूतून ‘सेटिंग्ज’ आणि मग ‘जनरल’ उघडल्यावर ‘न्यू फाइंडर विंडोज शो’ ही यादी मिळते. तिच्यात ‘अदर’ निवडून संगणकातील कोणतेही फोल्डर ठरवता येते. तेथेही मूळ निवड ‘रीसेंट्स’ म्हणजे अलीकडच्या फाइल्सचीच असते. लिनक्सवरील ‘डॉल्फिन’ या फाइल व्यवस्थापकात सुरुवातीचे ठिकाण त्याच्या सेटिंग्जमधून निश्चित करता येते.

कशात बदल होत नाही

आरंभीचे फोल्डर बदलल्याने फाइल्सची जागा बदलत नाही, केवळ त्यांच्याकडे जाण्याचे दार बदलते. ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ हा टॅब मात्र वेगळा आहे. त्याद्वारे संपूर्ण फोल्डरच दुसऱ्या ठिकाणी हलवता येते, त्यामुळे पुरेशी माहिती नसताना त्याला हात लावू नये. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइल्स कोठे साठवल्या जातात, हेही या बदलाने ठरत नाही. तो पर्याय ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये असतो. प्रत्येक फाइल साठवण्यापूर्वी जागा विचारण्याची सूचना तेथे देता येते.

सामायिक संगणकावर खबरदारी

अलीकडच्या फाइल्सची यादी प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यागणिक वेगळी असते. त्यामुळे कार्यालयात किंवा घरात एकाच संगणकावर अनेक जण काम करत असतील, तर प्रत्येकासाठी पासवर्डसह स्वतंत्र खाते उघडणे हा अधिक पक्का उपाय ठरतो. दुकानातील संगणकावर तसे करणे शक्य नसते. तेथे छपाईसाठी दिलेली फाइल काम संपल्यावर आपल्यासमोर ‘डाउनलोड्स’मधून आणि त्यानंतर ‘रीसायकल बिन’मधूनही काढून टाकण्याची विनंती ग्राहकाने करावी. आधारची प्रत द्यावी लागल्यास आणि संबंधित कामासाठी ती चालत असल्यास, १२ अंकांपैकी केवळ शेवटचे ४ अंक दाखवणारी ‘मास्क्ड आधार’ प्रत द्यावी.

पहिल्या पडद्याची निवड एकदा करून ठेवण्यास जेमतेम दोन मिनिटे पुरतात. मात्र संगणक सुरू होताच कोणाच्या कागदपत्रांची नावे कोणाला दिसणार, हे त्या दोन मिनिटांत ठरते.